वन्संचे व्याही आणि स्कॉचची बाटली

डिसेंबर २०२५ मधली गोष्ट. दुपारची भांडी आवरून पाठ टेकते न टेकते तोच वन्संचा फोन. आवाज दबका. "वहिनी, अमेरिकेचे व्याही येताहेत. चार दिवस राहणार. त्यांना संध्याकाळी बर्बन लागते म्हणे. मी कालच दोन पुडे आणून ठेवलेत." पुडे कसले, मला कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. वन्संनी चॉकलेटी क्रीमची बर्बन बिस्किटं आणली होती!

हसून हसून पोट दुखलं दोघींचं. मैत्रिणींनो, तुम्हीही हसाल, पण बर्बन म्हणजे मक्यापासून केलेली अमेरिकन व्हिस्की, हे मला तरी कुठे माहीत होतं? भाचीनं सांगितलं तेव्हा कळलं. भाची केंटकी राज्यात लुईव्हिल शहरात असते. तिथलाच नवरा केला. जगातली बहुतेक बर्बन त्या एका राज्यात तयार होते. म्हणजे व्याहीबुवांच्या दृष्टीनं तो गावरान मेवाच. आपला कोकणातला पाहुणा जेवणावर सोलकढी मागतो, तसे ते रात्रीच्या जेवणाआधी पेलाभर बर्बन घेतात.

हसू ओसरलं आणि वन्सं गप्प झाल्या. त्या गप्प का झाल्या ते मला कळलं. वन्संच्या यजमानांनी नऊ वर्षांपूर्वी दारू सोडली. सोडली हे लिहायला एक शब्द लागतो, सोडवताना काय काय झालं ते त्या जाणोत नि मी जाणे. पाण्याच्या टाकीत दोरी बांधून सोडलेली बाटली आम्ही दोघींनीच एका पहाटे वर ओढली होती. तेव्हापासून त्या घरात बाटली आलेली नाही. आणि आता लेकीचे सासरे येणार. त्यांना नाही कसं म्हणायचं? द्यायची तर कुणी, कुठे, कुणासमोर?

"तुम्ही दारूबंदीवाल्या," वन्सं म्हणाल्या, "पण विचारणार तर तुम्हालाच ना?"

गेली पंधरा वर्षं मी बचत गटांबरोबर काम करते. त्यातली निम्मी तरी नवऱ्याच्या बाटलीशी भांडण्यात गेली. आमच्या वॉर्डातलं दुकान बंद व्हावं म्हणून सह्यांची मोहीम आम्ही काढली होती. त्यामुळे माझा पहिला विचार, सांगून टाकावं त्यांना, आमच्याकडे पद्धत नाही. दुसरा विचार असा की पाहुणा काही दारुडा नाही, आपल्या घरी त्याचं जे चालतं ते इथे चोरून करायला लावायचं का? भाची म्हणाली, "मामी, ते येताना विमानतळावरून आणतील. दोन लिटरपर्यंत आणता येते." मी लगेच नको म्हटलं. ती बाटली पाहुण्यांच्या बॅगेतून थेट वन्संच्या घरात उतरली असती. शेवटी मी म्हटलं, बाटली माझ्या घरी राहील. संध्याकाळी सगळे आमच्या गच्चीवर या, जेवणही इथेच. आमचे हे चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुझ्या घरात? तू स्वतः आणणार?" म्हटलं, हो, मीच आणणार. हे स्वतः वर्षातून दोनदा मित्रांकडे घेतात आणि मला कळत नाही असं त्यांना वाटतं.

असो. तर वन्सं आणि मी, दोघी बाजारातल्या वाइन शॉपवर गेलो. पापड तळणं, शेंगदाणे भाजणं, बर्फ काढून देणं ही सगळी कामं आपलीच, पण बाटली विकत घेताना बाई दिसली की रांग फाटते. आमच्यासमोरही फाटली. दोघे तर ओळखीचे निघाले, मान फिरवून चालते झाले. गल्ल्यावरच्या दुकानदारानं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. सह्यांची मोहीम याच दुकानाविरुद्ध होती. "ताई, आज मोर्चा नाही ना?" म्हटलं, गिऱ्हाईक म्हणून आलेय.

बर्बन त्याच्याकडे नव्हतीच. आमच्या गावात कोण मागतं? पुण्याहून मागवावी लागेल, महाग पडेल. "स्कॉच न्या," तो म्हणाला. वन्संची मर्यादा तीन हजारांची. आणि मग त्या माणसानं, ज्याचं दुकान मी बंद करायला निघाले होते, मला अर्धा तास जे समजावलं ते इतकं सरळ होतं की आमच्या गटातल्या बायकांनाही मी ते नंतर सांगितलं. घरी येऊन भाचीच्या मदतीनं मी त्यातलं बरंचसं पडताळूनही घेतलं.

बर्बन करताना धान्यात निदान ५१ टक्के मका लागतो, आणि ती ओकच्या नव्याकोऱ्या, आतून जाळून कोळसा केलेल्या पिंपात मुरवावी लागते. हा अमेरिकेचा कायदाच आहे. मक्याचा गोडवा आणि जळक्या लाकडातून उतरलेला व्हॅनिला-कॅरॅमलसारखा वास, ही बर्बनची ओळख. आता गंमत बघा. पिंप दर वेळी नवं हवं, मग एकदा वापरलेल्या पिंपाचं करायचं काय? ती पिंपं स्कॉटलंडला विकतात. तिकडची बहुतेक स्कॉच याच जुन्या पिंपांत मुरते, कमीत कमी तीन वर्षं. म्हणजे लोणच्याची बरणी कितीही धुतली तरी पुढच्या लोणच्याला तिचा वास लागतो, तसा स्कॉचला बर्बनचा वास लागलेलाच असतो. व्याहीबुवांना आवडेल अशी स्कॉच असू शकते, ती याच कारणानं.

पण सगळ्या नाही. माल्ट स्कॉच सातूची. काही ठिकाणी मोड आलेला सातू वाळवताना पीट नावाचं दलदलीतलं इंधन जाळतात, त्याचा धूर दाण्यात शिरतो. बर्बनची सवय असलेल्याला हा धूर पहिल्या घोटाला औषधासारखा लागतो. म्हणून धुराची टाळायची. ब्लेंडेड स्कॉच म्हणजे सातूच्या माल्ट व्हिस्क्यांमध्ये गहू किंवा मक्याची हलकी ग्रेन व्हिस्की मिसळलेली. स्वस्त ब्लेंडमध्ये ही ग्रेन व्हिस्की साधारणपणे जास्त असते, आणि तीच बर्बनवाल्याला जवळची वाटते. म्हणजे इथे स्वस्त घेतली तर पाहुण्याचा अपमान होत नाही. उलट महागडी धुरकट सिंगल माल्ट आणली असती तर पैसे जाऊन वर त्यांचं तोंड वाकडं झालं असतं. 'बारा वर्षं' वगैरे आकडा असेल तर तो त्यातल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं वय सांगतो. आकडा नसला तरी तीन वर्षं पक्की.

आणखी एक. लेबलवर 'ब्लेंडेड स्कॉच व्हिस्की' असे पूर्ण शब्द हवेत. आपल्याकडच्या कित्येक व्हिस्क्या उसाच्या मळीच्या स्पिरिटपासून बनतात, त्यात थोडी स्कॉच घालतात आणि नाव इंग्रजी देतात. स्कॉच या शब्दाला हापूससारखं भौगोलिक मानांकन भारतातही आहे. 'बॉटल्ड इन इंडिया' लिहिलेलं असेल तर घाबरायचं कारण नाही, तिकडून टाक्यांतून आणून इथे बाटलीत भरलेली ती स्कॉचच असते.

दुकानदारानं चार बाटल्या मांडल्या. टीचर्समध्ये आर्डमोर नावाची धुराची माल्ट असते, ती बाजूला. जॉनी वॉकर रेड लेबलही जरा तिखट-धुरकट, तीही नको. उरल्या बॅलंटाइन्स आणि ड्यूअर्स व्हाइट लेबल. दोन्ही हलक्या. ड्यूअर्सला मधासारखी चव असते आणि अमेरिकेत ती पिढ्यान्‌पिढ्या खपते, म्हणून ती घेतली. तीन हजारांत बसली.

आता खरी पंचाईत पुढेच. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, हे किती जणींना माहीत आहे? १९४९ च्या दारूबंदी कायद्यातली ही तरतूद अजून आहे. विदेशी दारूचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांचा, देशीचा दोन रुपयांचा. कडक दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. आमच्या एकोणीस वर्षांच्या चिरंजीवांना मी घरी येऊन हे मुद्दाम ऐकवलं. दुकानदारानं पावती पुढे केली, "नाव?" वन्सं दोन पावलं मागे सरकल्या. "माझं नको हो, वहिनी!" झालं. दारूबंदीच्या कार्यकर्तीच्या नावावर पाच रुपयांचा परवाना फाटला. निघताना तो म्हणाला, "ताई, एक लक्षात ठेवा. ही उभीच ठेवायची, आडवी ठेवायची नाही. वाइनसारखी आडवी ठेवली तर आतली कडक दारू बुचाला लागते." बोलून गेला आणि मग आम्ही तिघंही हसलो. उभी बाटली, आडवी बाटली! मतदानात आम्ही याला आडवी करायला निघालो होतो.

जाता जाता त्याला विचारलं, "स्कॉच स्वस्त झाली ना? पेपरात तर आलं होतं." तो म्हणाला, "ताई, पेपरात झाली, फळीवर नाही."

याचा हिशेब मी घरी कागद-पेन घेऊन मांडला, आणि तो तुमच्यापुढे ठेवावा म्हणूनच खरं तर आजचा विषय काढला. भारत आणि ब्रिटननं २४ जुलै २०२५ रोजी व्यापार करार केला. बोलणी जानेवारी २०२२ पासून चालू होती. स्कॉचवर भारतात १५० टक्के आयातशुल्क होतं. करार अंमलात येताच ते ७५ टक्के, आणि दहाव्या वर्षी ४० टक्के, असं त्यात ठरलं. बर्बनचं तर त्याआधीच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, मोदी-ट्रम्प भेटीच्या तोंडावर १५० वरून १०० टक्के झालं होतं. समजा तिकडून येणाऱ्या बाटलीची किंमत ४०० रुपये. १५० टक्क्यांनी शुल्क ६००, एकूण हजार. ७५ टक्क्यांनी शुल्क ३००, एकूण सातशे. वाचले तीनशे. पण त्या सातशेवर राज्याचं उत्पादन शुल्क, विक्रीकर, आयातदार, घाऊकवाला, दुकानदार हे सगळे बसतात तेव्हा कुठे बाटली फळीवर येते. केंद्रानं कमी केलं ते राज्यानं वाढवलं तर गिऱ्हाइकाच्या हाती काय राहणार? पिणाऱ्यांना स्वस्त मिळावी अशी माझी तळमळ नाही हो. पण निर्णय कुणासाठी होतो ते बघायची सवय आपल्याला हवी.

कारण ब्रिटनला एवढी घाई का होती? बाटल्यांच्या संख्येनं पाहिलं तर स्कॉचचं जगातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आपला देश आहे. २०२४ मध्ये १९ कोटींवर बाटल्यांएवढी स्कॉच इथे आली. पैशाच्या हिशेबात मात्र अमेरिका पहिली. तिनं एप्रिल २०२५ पासून ब्रिटिश मालावर दहा टक्के कर बसवला, त्यात स्कॉचही आली. सप्टेंबरात स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर जॉन स्विनी वॉशिंग्टनला जाऊन ट्रम्पना भेटले. त्यांचा मुद्दा पिंपांचाच होता. तुम्ही आमची स्कॉच अडवाल तर तुमच्या केंटकीची पिंपं आम्ही घ्यायची कुठून?

केंटकीतही काही आनंद नव्हता. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या करांवर चिडून कॅनडाच्या ओंटारियो प्रांतानं अमेरिकन दारू सरकारी दुकानांतून काढूनच टाकली. लुईव्हिलमधला ब्राउन-फॉर्मन कंपनीचा पिंपं बनवायचा कारखाना त्याच वर्षी बंद झाला. दोनशेच्या वर कामगार होते तिथे. आणि व्याहीबुवा आमच्याकडे यायच्या सुमाराला जिम बीमनं जाहीर केलं की क्लेरमाँटच्या मुख्य भट्टीत २०२६ मध्ये दारू गाळणंच थांबवणार. गोदामं भरलीत, खप घटलाय. म्हणजे गच्चीवरच्या त्या एका पेल्यामागे किती देशांचे हेवेदावे होते बघा.

आणि आपल्या राज्याचं काय? १० जून २०२५ ला मंत्रिमंडळानं दारूवरचा कर वाढवला. ठराविक किमतीपर्यंतच्या देशात बनलेल्या विदेशी दारूवर निर्मितीमूल्याच्या तिप्पट शुल्क होतं, ते साडेचार पट झालं. १८० मिलिलिटरची, म्हणजे आपल्या भाषेत क्वार्टरची, देशी दारू किमान ८० रुपये, नवी 'महाराष्ट्र मेड' १४८, विदेशी २०५, उंची विदेशी ३६०. यातून १४ हजार कोटी जादा मिळतील असा सरकारचा अंदाज होता. लाडक्या बहिणींच्या पंधराशेंसाठी हे चाललंय, असं तेव्हा सगळीकडे बोललं गेलं. खरंखोटं सरकार जाणे. पण आमच्या गटातल्या एकीनं बैठकीत सरळ गुणाकार केला. "ताई, रोजची एक देशी, ऐंशी रुपये. महिन्याचे चोवीसशे. मला मिळतात पंधराशे. उरलेले नऊशे कोण देतं? मीच ना, धुणीभांडी करून?"

मी गप्प बसले. उत्तर नव्हतं.

दर वाढले की माणूस पिणं कमी करतो असं म्हणतात. काही करतातही. पण ज्याचं शरीरच मागतंय तो आधी मुलाच्या दुधाचे पैसे उचलतो, आणि तेही संपले की हातभट्टीकडे वळतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, ती काही स्कॉच पिणारी नव्हती. स्कॉचवाल्यासाठी पंतप्रधानांच्या पातळीवर करार होतो आणि देशीवाल्याच्या घरात कराचा बोजा बाईच्या पदरात येतो. दोन्ही बाटल्यांत अल्कोहोल तेच, लिव्हर तेच. पण एकाला आपण 'घेतो' म्हणतो आणि दुसऱ्याला 'ढोसतो'. मी स्वतः असंच म्हणत आले, हे त्या दुकानात उभी राहिल्यावर मला जरा बोचलं.

आता गच्चीवर येऊ. भाचीनं सासऱ्यांना आधीच सगळं सांगितलं होतं, वन्संच्या यजमानांचंही. मला वाटलं संकोचतील. त्यांनी आल्या आल्या वन्संच्या यजमानांना भाचीमार्फत विचारलं, मी घेतली तर तुम्हाला त्रास होईल का? नसेल चालत तर चार दिवस नाही घेणार, काही बिघडत नाही. वन्संचे यजमान थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेला चालेल. बाटली समोर नको." नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून या विषयावर इतकं स्पष्ट मी प्रथमच ऐकलं. वन्सं खाली मान घालून ताटं पुसत राहिल्या.

म्हणून बाटली गच्चीवर गेलीच नाही. स्वयंपाकघरात मीच मापून ओतायची आणि पेला वर न्यायचा. आपल्याकडे ओततात ते अंदाजानं, बोटांनी, 'अजून थोडी' करत. अमेरिकेत एका पेगाचं माप साधारण ४५ मिलिलिटर. मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची पंधरा मिलिलिटरची टोपी धुऊन घेतली, तीन टोप्या, बरोबर पंचेचाळीस. चिरंजीव म्हणाले, "आई, तू सायन्सला जायला हवं होतंस." मी आर्ट्सवालीच बरी.

सोडा किंवा कोल्ड्रिंक आपण होऊन ओतायचं नाही, आधी विचारायचं. बर्बनवाल्याला बहुधा नुसती किंवा बर्फावर हवी असते. पहिल्यांदा स्कॉच देताना भाचीनं सुचवलं तसं केलं. पेल्यात स्कॉच, बाजूला साधं पाणी, आणि बर्फ वेगळा. चमचाभर साधं पाणी घातलं की वास खुलतो. बर्फ जास्त झाला तर वास आणि चव दोन्ही झाकली जातात. आणि बर्फ फ्रीजमधला नेहमीचा नको! आमच्या फ्रीजरमध्ये आलं-लसणाचं वाटण असतं, बर्फाला हमखास तोच वास. म्हणून पाणी उकळून, गार करून, झाकणाच्या डब्यात वेगळा बर्फ लावला. परदेशी पाहुण्याच्या पोटाच्या दृष्टीनंही तेच शहाणपणाचं. फरसाण, तिखट शेव सुरुवातीला दिलं नाही, तिखटानं जीभ बधिर झाली की मधाची चव कळणार कशी? भाजलेले शेंगदाणे, काजू, आणि गुळाची चिक्की. चिक्की माझ्या डोक्यातून आली. बर्बनचा गोडवा यांना स्कॉचमध्ये कमी वाटेल, तो गुळानं भरून निघेल असं आपलं वाटलं. त्याआधी प्रत्येकाला थालिपीठाचा एकेक चतकोर सक्तीनं खायला लावला. उपाशीपोटी माझ्या घरात कुणी काही घ्यायचं नाही. वन्संच्या यजमानांना तसल्याच काचेच्या पेल्यात कोकम सरबत. पेला वेगळा दिला असता तर नजरेत आलं असतं.

व्याहीबुवांनी एक घोट घेतला, थोडं पाणी घातलं, दुसरा घेतला. म्हणाले, ओळखीची वाटते, पण जरा सडपातळ आहे. चिक्की तोंडात टाकल्यावर मात्र मान डोलावली. पुढे दोन्ही संध्याकाळी त्यांनी आधी चिक्कीच मागितली. दुसऱ्यांदा मागितली तेव्हा मी दोन टोप्या दिल्या. तिसऱ्यांदा त्यांनी मागितली नाही. आमच्या ह्यांनी मात्र माझ्याकडे बघत दोन टोप्या संपवल्या.

बोलता बोलता माझ्या कामाचं निघालं. मी सांगितलं, आमच्याकडे कायदा आहे, वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान होतं, उभी बाटली की आडवी बाटली. आडव्या बाटलीला पुरेशी मतं पडली तर दुकान बंद. आमचं मतदान झालंच नाही. पडताळणीला आले तेव्हा निम्म्या बायका कामावर होत्या, काहींच्या सह्या जुळल्या नाहीत, तिथेच सगळं विरलं. व्याहीबुवा ऐकत होते. मग म्हणाले, आमच्याकडे अगदी असंच आहे! बर्बनच्या केंटकीत आजही काही काउंट्या कोरड्या आहेत. मागच्या निवडणुकीत झालेल्या मतदानाच्या २५ टक्क्यांएवढ्या सह्या आल्या की तिथेही मत घेतात. आकडासुद्धा तोच! त्यांची बहीण अशाच एका काउंटीत राहायची. लोक शेजारच्या काउंटीत गाडी घेऊन जातात आणि डिकी भरून आणतात, असं ते हसत म्हणाले. मला वर्धा, गडचिरोली आठवलं. चंद्रपूर आठवलं, जिथे २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. मी विचारलं, मग तुमची बहीण कुणाला मत द्यायची? म्हणाले, बंदीला. तिचा नवरा प्यायचा.

भाषांतर करताना भाचीचा आवाज जरा अडखळला. वन्संच्या यजमानांनी पेल्यातलं सरबत संपवलं आणि सहज म्हणाले, "त्यांना विचार, तो सुटला का?" व्याहीबुवांनी मान हलवली. नाही.

पाहुणे गेले. बाटली निम्म्याहून जास्त उरली. ओतून टाकवत नव्हती, तीन हजारांची आहे हो! वन्संकडे द्यायची नव्हती, कुणाला भेट द्यायची माझी तयारी नव्हती. मी लेबलवर पेनानं पातळीची खूण केली. आजवर कितीतरी घरांत बायकांना मी हे शिकवलंय, आता माझ्याच कपाटात. रव्याच्या डब्यामागे ठेवून दिली.

मग बैठकीच्या दिवशी चहासाठी कप काढायला म्हणून त्याच चोवीसशेचा गुणाकार करणारीनं कपाट उघडलं. बराच वेळ ती तशीच उभी. मी सगळं सांगितलं, पाहुणे, पिंपं, परवाना, सगळं. तिनं लेबलवरची खूण बघितली, रव्याचा डबा परत पुढे सरकवला आणि म्हणाली, "ते सगळं खरं ताई, पण ही उभी का ठेवलीय?"